कावळ्याला कबूल केलेले शॉकअप

माणसानं शब्द देताना दहा वेळा विचार करावा, आणि समोर कावळा असेल तर तोंडच उघडू नये. हे शहाणपण कृष्णातराव फडतऱ्यांना सुचलं, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दहाव्याचा दिवस होता. खाडीकाठच्या घाटावर पिंड मांडला होता आणि कावळा शिवत नव्हता. एरवी कोपरखैरण्यात गॅलरीत चार पापड वाळत घातले तर त्यातला एक कावळ्याचाच धरून चालावं लागतं, पण त्या दिवशी अख्ख्या घाटावर एकच कावळा होता आणि तो भिंतीवर पाठ करून बसला होता. धाकटा भाऊ रणजीत गेला तोही असाच कुणाला न विचारता. रविवारी सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेला. लग्न करायचं राहूनच गेलं होतं, त्यामुळे मागे राहिलं ते थोरल्या भावाचं घर, आई, आणि काहीतरी इच्छा. ती इच्छा कोणती, एवढाच प्रश्न होता.

साताऱ्याहून आलेले उदयसिंहमामा पुढे झाले. "रणजीता, आयची काळजी करू नगंस. किसनात हाय, मी हाय." कावळ्यानं चोच पुसली. "गावची पट्टी तुज्या नावानं ऱ्हाईल." कावळ्यानं दुसरी बाजू पुसली. खालच्या मजल्यावरचे अरविंदराव टिपणीस, सोसायटीचे सेक्रेटरी, गळा साफ करून म्हणाले, "रणजीत, तुझं पार्किंग आम्ही कोणालाही देणार नाही." यावर कावळ्यानं मान वळवून त्यांच्याकडे एकदा पाहिलं. अरविंदरावांचा त्या पार्किंगवर दोन वर्षं डोळा होता, हे त्यालाही ठाऊक असावं.

ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, "शास्त्रात सोय आहे. दर्भाचा कावळा करू, तो शिववू." तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या शकुबाई पहिल्यांदा बोलल्या. "माज्या पोराला गवताचा कावळा नगं." आईनं असं म्हटल्यावर कोणाची छाती होणार? कृष्णातरावांचं नुकतंच केलेलं मुंडन तव्यासारखं तापलं होतं. पोटात सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता. दुःख, भूक आणि ऊन ही तिन्ही एकदम डोक्यात गेली आणि ते ओरडले, "अरे बाबा, बसवतो! तुझ्या गाडीला ते बाहेरचे शॉकअप बसवतो! वर्षाच्या आत बसवतो! ये आता!"

कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला.

परत येताना मामांनी हळूच विचारलं, "गाडी कवा घेतली त्यानं? आमाला बोलला न्हाई."

आता ही गाडी हातभर लांबीची होती, हे घाटावर कसं सांगणार? रिमोटवर चालणारी, मोठमोठ्या चाकांची, पळायचं नाव न घेणारी गाडी. तिचं काम एकच, दगडांवर चढायचं, तेही मुंगीच्या चालीनं. रणजीत आणि त्याचे चार मित्र दर सुट्टीला डोंगराच्या कडेला जात आणि आपापल्या गाड्या दगडांवर चढवत दिवस घालवत. चांगले मिशावाले पुरुष. कृष्णातराव तिला आयुष्यभर 'खेळणं' म्हणत आले.

त्यातून कृष्णातराव पडले तुर्भ्याच्या कारखान्यातले स्टोअर इन-चार्ज. नट असो की नळी, 'कंपनीचं ते कंपनीचं' हा त्यांचा कुळाचार. बाहेरचा, लोकल पार्ट मशीनला लावणाऱ्या माणसाला ते जेवायलाही शेजारी बसू देत नसत. रणजीतला हे पक्कं माहीत. रोज रात्री जेवण झालं की तो मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरायचा. "दादा, बघ. बाहेरचे शॉकअप. अल्युमिनियमचे, निळे. कंपनी फिटिंगमध्ये काय दम नाय." मग कृष्णातराव कंपनी फिटिंगच्या बाजूनं असं काही बोलत, की बायकोची, सुनयनाबाईंची, भांडी घासून व्हायची तरी यांचं संपत नसे. रणजीत ऐकायचा, हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच निळे शॉकअप. त्याची शेवटची इच्छा दुसरी कोणती असणार?

एक गोष्ट मात्र कृष्णातरावांनी कोणाला सांगितली नव्हती. घरी कोणी नसताना एकदा त्यांनी हात पुढे केला होता. "बघू रे जरा रिमोट." रणजीत म्हणाला होता, "नको दादा. तुझा हात जड आहे." एवढंच. पण ते त्यांच्या मनात घशातल्या हाडासारखं अडकून बसलं होतं.

गाडी हॉलमधल्या शोकेसमध्ये होती. आणि पहिल्या महिन्यातच सगळ्यांच्या लक्षात आलं, की गाडी बसते.

म्हणजे असं, की सकाळी गाडी चारी चाकांवर ताठ उभी असायची. दुपारी जेवणं आटोपून इमारत चिडीचूप झाली की शोकेसमधून आवाज यायचा, 'स्स्स', आणि गाडी मागच्या डाव्या चाकावर कलून खाली बसायची. रणजीत कामावरून आला की अगदी असाच बसायचा. डाव्या कुशीवर रेलून, लांब श्वास सोडत. शकुबाई शोकेससमोर खुर्ची टाकून बसलेल्या असत. त्या हळूच म्हणत, "बसला."

"आई, त्यात काय नाही," कृष्णातराव समजावत. "आत तेल असतं. सील झिजलं, तेल पास होतं, स्प्रिंग दबते. कोणताही शॉकअप घ्या."

"ते कळलं," सुनयनाबाई म्हणाल्या. "बसते कशी ते कळलं. सकाळी उठवतं कोण?"

"थंडाव्यानं स्प्रिंग ताठ होत असेल," असं कृष्णातराव म्हणाले खरे, पण त्या दिवसापासून सकाळी दात घासताना त्यांनी शोकेसकडे पाठ करायला सुरुवात केली. आणि गॅलरीच्या कठड्यावर एक कावळा येऊ लागला. पोळी टाकली तर खायचा नाही. मान डावीकडे कलती करून एका डोळ्यानं आत पाहायचा. रणजीत गाडीची चाकं तपासायचा तेव्हा त्याची मान तशीच कलायची, हे शकुबाईंनी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

शब्द पाळणं भाग होतं. वर्षश्राद्धाच्या आत शॉकअप बसले नाहीत, तर तेव्हा कावळा शिवणार नाही, आणि धाकटा असाच कठड्यावर ताटकळत राहणार. मनातल्या मनात कृष्णातरावांना हीच एक भीती होती. ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

इमारतीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. अरविंदराव म्हणाले, शॉकअप कशाला, आमच्या ओळखीचा स्कूटरवाला त्यातच जुन्या पेनच्या स्प्रिंगा टाकून देईल, पितरांना काय कळतंय. तिसऱ्या मजल्यावरच्या मालतीबाई मूळच्या गावठाणातल्या. त्या म्हणाल्या, "किस्नातभाऊ, तेलाचा वांधा हाय ना? यरंडेल घाला. आमचे सासऱ्यांचे गुडघ्याला तेच घालायचो." कोणी तीळतेल सुचवलं, कोणी शनिवारी मारुतीला वाहिलेलं. एका सेवानिवृत्त गृहस्थांनी तर मूळ मुद्द्यालाच हात घातला. कावळ्यानं 'शॉकअप' ऐकलं की 'वर्षाच्या आत' ऐकलं, हे आधी ठरवायला हवं म्हणाले. दोन सुट्ट्या त्यातच गेल्या.

शेवटी रणजीतचा मित्र रूपेश आला. सारसोळ्याचा, घरचा मासेमारीचा धंदा, स्वतः बेलापुरात नोकरीला, आणि गाड्यांच्या बाबतीत रणजीतचा उजवा हात. त्यानं परदेशातून शॉकअप मागवून दिले. का कोण जाणे, मागवताना "दादा, नक्की हेच ना?" असं त्यानं दोनदा विचारलं. कृष्णातराव म्हणाले, "शब्द दिलाय."

पार्सल आलं, पण घरी नाही. ते कुठल्याशा कचेरीत अडकलं. कृष्णातराव रजा टाकून गेले. टेबलामागच्या साहेबांनी कागद वाचून विचारलं, "शॉक अॅब्सॉर्बर. नग चार. कोणत्या वाहनाचे?"

"गाडीचे."

"गाडीचा नंबर?"

"नंबर नाही."

"बिननंबरची गाडी चालवता?"

"मी नाही चालवत. भावाची आहे."

"मग त्यांना पाठवा."

"ते वारले."

साहेबांनी चष्मा काढला. "मग वाहन तुमच्या नावावर झाल्याशिवाय सुटे भाग कसे देणार? वारस दाखला आणा."

'अहो, खेळणं आहे ते,' एवढं एक वाक्य बोलले असते तर काम झालं असतं. शब्द ओठांवर आला होता. पण त्याच वेळी साहेबांच्या मागच्या खिडकीच्या काचेवर टक्-टक् झालं. बाहेर एसीच्या डब्यावर कावळा बसला होता, मान डावीकडे कललेली. कृष्णातराव म्हणाले, "साहेब, भावाची गाडीच आहे. दहाव्याला कावळा शिवत नव्हता, तेव्हा हे शॉकअप कबूल केले, तर शिवला. वर्षश्राद्ध जवळ आलंय."

साहेबांनी वळून खिडकीकडे पाहिलं. मग कृष्णातरावांकडे, मग पुन्हा खिडकीकडे. ड्रॉवर उघडून शिक्का काढला आणि धाडकन मारला. "आधी नाही का सांगायचं पिंडाचं आहे म्हणून! आमच्या वडिलांच्या वेळी कावळ्यानं तीन तास बसवलं होतं आम्हाला. घेऊन जा, घेऊन जा. आणि मागं वळून बघू नका."

शॉकअप दिसायला मात्र देखणे. करंगळीएवढे, चकचकीत निळे, देवघरात ठेवावेत असे. रूपेशनं जुने काळे प्लास्टिकचे काढून हे बसवले. गाडी एकदम उंच झाली, नव्या चपला घातलेल्या पाहुण्यासारखी अवघडून उभी राहिली. रूपेशनं रिमोट दाबला. गाडी ढिम्म. "बघा, म्हणून म्हणतो बाहेरचं लावू नये," असं कृष्णातराव सुरू करणार, एवढ्यात रूपेशनं रिमोटचं झाकण उघडलं. आत सेल नव्हते.

"घड्याळ बंद पडलं होतं," स्वयंपाकघरातून सुनयनाबाई म्हणाल्या. या घरात सेल कोणाच्याही मालकीचे नव्हते, ते घड्याळाचे होते. सेल परत घातले तेव्हा गाडी चालली.

त्या दुपारी शोकेसमधून आवाज आला नाही. दुसऱ्या दुपारीही नाही. गाडी रात्रंदिवस ताठ उभी. शकुबाई खुर्ची टाकून वाट बघत राहायच्या आणि चहा गार व्हायचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची उचलून गॅलरीच्या दाराशी नेली. कृष्णातरावांना वाटलं, आपण घरातल्या कोणाला तरी उभं राहायची शिक्षा केली आहे. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण शब्द तो शब्द.

वर्षश्राद्धाआधीच्या सुट्टीला रूपेश त्यांना करंजाड्याच्या मागे बंद पडलेल्या खदानीत घेऊन गेला. "एकदा चालवून बगा दादा. नुसते बसवून काय उपेग." भर दुपारची वेळ. डोंगर कापून केलेला मोठा खड्डा, तळाशी हिरवं पाणी, वारा म्हणून नाही. रणजीतचा हा आवडता दगड, असं म्हणून रूपेशनं एका काळ्या शिळेसमोर गाडी ठेवली आणि रिमोट कृष्णातरावांच्या हातात दिला. आयुष्यात पहिल्यांदा. रिमोट त्यांना वाटला होता त्यापेक्षा बराच जड निघाला.

त्यांनी चाप ओढला. गाडी उसळली, दगडावर दोन चाकं टेकली, बाकी दोन हवेत तरंगली, आणि ती झुरळासारखी उताणी पडली. पुन्हा ठेवली, पुन्हा उताणी. पाचव्या खेपेला उताणी पडली तेव्हा कोणीतरी हसलं. 'ख्या ख्या ख्या', नाकातून येणारं, थांबत थांबत. कृष्णातरावांनी रूपेशकडे पाहिलं. रूपेशचं तोंड बंद होतं.

"खदानीत आवाज फिरतो दादा," तो म्हणाला. पण तो गाडी उचलायला गेला तो जरा घाईनंच, आणि खाली बसल्यावर आधी आजूबाजूला बघून घेतलं.

परत निघताना रूपेश बोलला. "दादा, एक सांगू? रागवू नका. हे शॉकअप जड गाडीसाठी हायेत. कडक. आपली गाडी हलकी. दगडावर चढायचं तर चाक खाली लटकायला पायजे, खड्डा हाय तिथं आपसूक जायला पायजे. त्याला अंग सैल लागतं. रनजीत सगल्यांना हेच सांगायचा, कंपनीचेच ठेवा, नुसतं तेल बदला. बाहेरच्यांच्या नादी लागू नका."

कृष्णातराव वाटेतच थांबले. "मग मला रोज ते निळे कशाला दाखवायचा?"

रूपेश ओशाळला. "तुमी चिडायचे ना दादा. त्याला ते लय आवडायचं. दुसऱ्या दिवशी आमाला तुमची नक्कल करून दाखवायचा. 'कंपनीचं ते कंपनीचं.' पन बोलायचा, आमचा दादा बोलतो तेच बरोबर हाय."

म्हणजे आयुष्यभर दोघे भाऊ एकाच बाजूनं भांडत होते. आणि आता एका भावानं दुसऱ्याला, जे दोघांनाही नको होतं, ते कबूल करून ठेवलं होतं. हे इमारतीत कळल्यावर दोन तट पडले. अरविंदरावांचं म्हणणं, दिलेला शब्द मोडला तर सात पिढ्या भोगतात. मालतीबाईंचं म्हणणं, ज्याला द्यायचं त्यालाच नको असेल तर शब्द फिटला. गुरुजींना फोन केला तर ते म्हणाले, शास्त्रात शॉकअपचा उल्लेख नाही. कृष्णातरावांनी भिऊन निळेच ठेवले.

वर्षश्राद्धाला गच्चीवर पान वाढलं. रणजीतच्या आवडीचं सगळं, वर भज्यांची रास. पान ठेवलं पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर, आणि कट्ट्यासमोर विटा, फुटक्या फरशा, पाइपांचे तुकडे यांचा डोंगर. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम सोसायटीच्या भांडणात अर्ध्यावर राहिलं होतं, त्याची ही स्मृती. कावळा डिशच्या छत्रीवर येऊन बसला, तोच तो. कृष्णातरावांनी गाडी दोन्ही हातांत धरून उंच केली. "हे बघ. बसवले. निळे."

कावळ्यानं पाठ फिरवली.

सगळे हात जोडून उभे राहिले. मामा पुन्हा गावच्या पट्टीबद्दल बोलले. कावळा हलला नाही. खाली पंगत मांडलेली, वर बिनजेवलेली माणसं, आणि कावळा शिवल्याशिवाय घास घेता येत नाही. मामांना साखरेचा त्रास, त्यांची गोळी घेऊन झाली होती, ते कठड्याला टेकून खाली बसले. शकुबाई टाकीच्या सावलीत बसून कावळ्याकडे नुसत्या बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पोरगं दारात आलंय आणि घरात येत नाही, असंच ते बघणं होतं.

"रूपेश," ते म्हणाले, "जुने आहेत?"

रूपेशनं खिशातून पुडी काढली. तो घेऊनच आला होता.

"अहो, पण शब्द!" अरविंदराव ओरडले.

"शब्द मी दिला होता. मोडतोही मीच. सात पिढ्यांचं काय ते माझ्याकडं लागू." एवढं बोलून कृष्णातराव श्राद्धाच्या धोतरात, उघड्या अंगानं तापलेल्या गच्चीवर मांडी घालून बसले आणि त्यांनी स्वतः स्क्रू सोडवायला घेतले. तेलानं हात माखले. एक स्क्रू घरंगळला तो शकुबाईंनी उचलून दिला. गुरुजींनी वेळ जावा म्हणून दोन स्तोत्रं जास्तीची म्हटली. चारी जुने काळे शॉकअप बसले, आणि गाडी जरा खाली येऊन सैल झाली, घरी आल्यावर माणूस होतो तशी.

"बघ रे," कृष्णातराव कावळ्याकडे न बघता म्हणाले. "कंपनीचेच आहेत. तुझंच खरं. आणि माझंही." त्यांनी गाडी विटांच्या ढिगाशी ठेवली आणि सकाळीच आणून ठेवलेला रिमोट हातात घेतला. आज तो फुलासारखा हलका लागला. सवय झाली की जड वस्तूही हलकी होते, असं त्यांनी मनाशी म्हटलं, आणि चाप हळूच ओढला.

गाडी निघाली. काय निघाली! पहिल्या विटेवर पुढचं चाक चढलं, मागचं खाली खड्ड्यात लटकत गेलं, चाचपून टेकलं, उचललं. फुटक्या फरशीच्या कडेवर ती क्षणभर थांबली, डावीकडे कलली, विचार केल्यासारखी, आणि दुसऱ्या वाटेनं वळली. कृष्णातरावांच्या बोटांना जे सुचत होतं तेच ती करत होती, किंबहुना सुचायच्या जरा आधीच. पाइपावरून पार झाली. शेवटच्या चढावर चारी चाकं चार दिशांना, तरी पोट टेकलं नाही. पानाशेजारी कट्ट्यावर जाऊन ती थांबली. मग सगळ्यांना ऐकू आलं, 'स्स्स', आणि गाडी मागच्या डाव्या चाकावर बसली.

"बसला," शकुबाई म्हणाल्या.

कावळा छत्रीवरून उडाला, गाडीच्या टपावर उतरला, गाडी त्याच्या भारानं आणखी थोडी दबली. तिथून तो पानावर गेला आणि भजं उचललं.

पंगतीत त्या दिवशी कृष्णातरावांच्या चालवण्याशिवाय विषय नव्हता. रूपेश घास हातात धरून म्हणाला, "दादा, सेम टू सेम रनजीत. ती फरशीवर थांबायची ढब पन त्याचीच. कधी शिकलात?" कृष्णातराव ताटात श्रीखंड घेत म्हणाले, त्याला हात हलका लागतो, बाकी काही नाही. मामांना त्यांनी चाप कसा धरावा हे चमच्यावर करून दाखवलं. इतक्या वर्षांनी ते घशातलं हाड खाली उतरलं होतं.

पाहुणे गेले. गाडी शोकेसमध्ये बसली, शकुबाई समोर खुर्ची टाकून बसल्या. वस्तू ठेवून देताना आधी सेल काढायचे, नाहीतर गळतात, हा स्टोअरचा नियम. कृष्णातरावांनी रिमोट पालथा करून झाकण उघडलं.

आत सेल नव्हते.

त्यांनी हळूहळू मान वर केली. भिंतीवरचं घड्याळ टकटक चालत होतं.

"सुनयना," ते म्हणाले, आणि त्यांना स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. "घड्याळाला सेल कधी घातलेस?"

"सकाळीच, रिमोटमधले काढून. पाहुण्यांसमोर बंद घड्याळ बरं दिसत नव्हतं. तुम्ही रिमोट वर नेलात त्याच्या आधी. का हो? आणि वर रिमोटमध्ये कुठले घातलेत?"

कृष्णातराव हळूच आईशेजारी जमिनीवर टेकले. अंगावर सर्रकन काटा आला, पण त्या काट्यात भीतीच नव्हती सगळी. शकुबाईंनी त्यांच्या हातातल्या रिकाम्या रिमोटकडे पाहिलं, मग शोकेसकडे. मुंडनानंतर वर्षभरात वाढलेल्या त्यांच्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या, "धाकटा असून समदं आपल्याच हातात ठेवायचा. पर आज तुला चालीवतोयस आसं वाटू दिलं बग त्यानं."

कठडा रिकामा होता.

सुनयनाबाई पिशवी घेऊन दाराशी आल्या. "खाली दुकानात चालले आहे. रिमोटला नवे सेल आणू का?"

"राहू दे," कृष्णातराव म्हणाले. "त्याला लागत नाहीत."